चुनखडीचा उजाड डोंगर मातीतल्या बियांच्या भरवशावर सोडला तर जंगल परत येतं का?

सोडा की, पण बियांच्या भरवशावर नको. तुमचा प्रश्न असा, की चीनमध्ये ग्विझोऊ-ग्वांग्शीकडे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून चुनखडीचे डोंगर हिरवे झाले ते मातीत पडून असलेल्या बियांमुळे का, आणि किती वर्षं लागतात. वर्षांचं शेवटी बघू. आधी "मातीत सगळं आहेच" या बोलण्याचा समाचार घेतो, ते ऐकून कान किटलेत.

तिथल्या मातीतून उगवतं ते बहुतेक गवत, तण आणि थोडी झुडपं. बराचसा साठा वरच्या ५ सेंमीत असतो आणि पाऊस नेमका तोच थर भेगांतून खाली ओढून नेतो. ओक किंवा दालचिनीच्या कुळातल्या झाडांच्या बिया मोठ्या, ओलसर. वाळल्या की मेल्या. एका हंगामात रुजतात नाहीतर कुजतात, साठून राहत नाहीत. मग जंगल येतं कुठून? तोडलेल्या बुडख्यांच्या फुटव्यांतून आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून. पायराकॅन्था या काटेरी झुडपाची लाल फळं बुलबुल खातात आणि कपारीत टाकतात. आपली निरगुडी तिकडेही आहे, ती बुडातून फुटते.

आता आकडा. अहवालात "चौरस मीटरला ३ हजार बिया" असं छापलेलं दिसलं की मी आधी नमुना कसा घेतला ते विचारतो, आणि यावरून माझी भांडणं झालीत. ५ सेंमी व्यासाची नळी १० ठिकाणी मारली तर एकूण क्षेत्र भरतं सुमारे १९६ चौरस सेंमी. ती माती ट्रेमध्ये पसरून उगवलेली रोपं मोजतात, म्हणजे ट्रेमधलं एक रोप चौरस मीटरला ५१ बिया होऊन बसतं. खिडकीतून उडून आलेलं एखादं तणही तसंच मोजलं जातं. म्हणून नुसत्या वाळूचा एक ट्रे शेजारी हवाच. त्यात जे उगवेल ते हिशोबातून वजा. शिवाय उतारावर माती ३० टक्के आणि बाकी उघडा खडक असेल, तर ६० रोपांवरून आलेले ते ३ हजार उताराच्या हिशोबाने ९०० च्या आसपास उरतात. हा गुणाकार कुणी करत नाही. कपारीत नळी शिरत नाही म्हणून तिथला नमुनाच न घेणं हा आणखी एक प्रकार. तिथली माती चमच्याने काढा, तोंडाचं क्षेत्रफळ कागदावर गिरवून मोजा आणि हिशोब वेगळा ठेवा.

चुनखडीवरची माती चिकट, वाळली की तिची ढेकळं होतात आणि बारीक कोंब आत गुदमरतात. त्यामुळे आधी मोठ्या चाळणीने दगड-मुळं काढा, मग ०.२ मिमीच्या चाळणीवर धुऊन गाळ जाऊ द्या. उरलेलं भाजलेल्या वाळूवर ३ ते ५ मिमी जाडीत पसरा. त्याहून जाड केलंत तर उजेड लागणाऱ्या बारीक बिया खालीच राहतात. पाणी बुडातून द्यायचं. ओळख पटली की रोप उपटायचं, नाही पटली तर कुंडीत वाढवायचं. उगवण थांबली की थर एकदा ढवळायचा आणि सहा महिने तरी धीर धरायचा. रानगुलाब आणि पायराकॅन्थाच्या बियांना थंडी लागते, म्हणून नमुना आधी ओला करून ६-८ आठवडे ४-५ अंशांवर ठेवा. हे टाळलं की झुडपं शून्य दिसतात आणि लगेच वृक्षारोपणाचं टेंडर निघतं.

लागवडीसाठी खड्डे खणणाऱ्यांचंही कौतुक नाही. मुळात वीतभर माती. ती उकरली की पहिली उगवते अ‍ॅगेराटिना, म्हणजे आपल्या रानमोडी तणाची भाऊबंद.

माझ्या मते ट्रेच्या आधी १० बाय १० मीटरचे चौकोन आखून जिवंत बुडखे मोजा. बुडखे पुरेसे असतील तर कुंपण आणि राखण बास. नसतील तर ओकची ताजी फळं, न वाळवता, कपारीतल्या पालापाचोळ्याखाली ३-४ सेंमी पुरा. वर टाकलेली उंदीर संपवतात.

राहिली वर्षं. बुडखे जिवंत असले तर पाच-दहा वर्षांत झुडपांची जाळी, उंच जंगलाला कित्येक दशकं. निव्वळ खडकावर मी आकडा देणार नाही. नैऋत्य चीनमध्ये असं खडकाळ ओसाड क्षेत्र २००५ मध्ये सुमारे १ कोटी ३० लाख हेक्टर होतं, २०१६ मध्ये सुमारे १ कोटी. पण या घटीत लागवडीचा वाटाही आहे, आणि जळण तोडणारी तरुण मंडळी शहरांत गेली हेही आहे. आणि हो, हे सगळं चुनखडीचं. सह्याद्रीचा बेसाल्ट वेगळा, तिथे बुडखे मोजायच्या आधी दरवर्षीचा वणवा थांबवावा लागतो.