अँजिओग्राफीला जाताना डायपरचे काय करायचे?

तपासणी किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्या अनेक ज्येष्ठ रुग्णांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो डॉक्टरांसमोर सहसा निघत नाही: "मला लघवी आवरत नाही, मी डायपर लावते, टेबलावर घेताना तो काढतील का, कोण काढेल, आणि मला हवे तसे काही मागता येईल का?" ठाण्यातील एका रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना मला हा प्रश्न बहुधा आडवळणानेच ऐकू येतो, म्हणजे "सध्या नको" किंवा "दिवाळीनंतर बघू" अशा शब्दांत. पुढील अनुभव अशाच एका रुग्णाचा असून ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

पाचपाखाडीत राहणाऱ्या, सत्तरीकडे झुकलेल्या या निवृत्त शिक्षिकेची अँजिओग्राफी, म्हणजे मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून केली जाणारी हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ठरली होती. पण तारीख जवळ आली की त्यांना काहीतरी अडचण निघत असे. "आईने हृदयाची धास्ती घेतली आहे, तुम्ही जरा समजवा," असे सांगून मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. प्रत्यक्षात काकूंनी हृदयाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. कॅथलॅबमध्ये, म्हणजे ही तपासणी होते त्या खोलीत, किती वेळ आडवे राहावे लागते आणि जवळ शौचालय आहे का, एवढेच त्यांनी विचारले. फाइलमधला माहितीचा अर्ज मी उघडला, तर "इतर तक्रारी" या रकान्यात मुलाच्या अक्षरात "काही नाही" असे लिहिलेले होते. मुलाला बिलाच्या चौकशीसाठी खाली पाठवले, तेव्हा त्या बोलू लागल्या. लघवीची घाई झाली की मोरीपर्यंतही पोहोचता येत नाही, हे दुखणे कित्येक वर्षांचे होते. मध्यंतरातल्या रांगेच्या भीतीने त्यांनी गडकरी रंगायतनला नाटकाला जाणे सोडले होते आणि डायपरची पाकिटे कपाटात जुन्या साड्यांच्या मागे ठेवलेली असत. "सुनेला यातले काही कळू द्यायचे नाही," हे त्यांनी मला दोनदा बजावले.

या भीतीत नणंदेने सांगितलेल्या एका गोष्टीची भर पडली होती: डाय (रक्तवाहिन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) सोडला की लघवी झाल्यासारखे वाटते. हे खरे आहे, कारण डाय शरीरात गेल्यावर काही जणांना ओटीपोटात एकदम ऊब जाणवते आणि कपडे ओले झाल्याचा भास होतो. ज्यांना लघवीचा त्रास कधीच नव्हता त्यांनाही हा भास होतो. मात्र सलाइन आणि डायमुळे लघवीचे प्रमाण खरोखरच वाढते, तेव्हा "काही होणार नाही" असे खोटे आश्वासन त्यांना देण्यात अर्थ नव्हता.

मी त्यांना एवढेच विचारले की सगळे तुमच्या मनासारखे व्हायचे असेल तर काय काय व्हावे. उत्तर तयार होते, जणू ते त्यांनी मनात कितीदा तरी घोकले होते. डायपर त्यांचा स्वतःचा, पँटसारखा असावा. तो बदलायचा झाल्यास सिस्टरने किंवा मावशींनी, पडदा ओढून बदलावा. लघवीची नळी नको. आणि बेडपॅन तर मुळीच नको. शेवटच्या मागणीचे मलाही नवल वाटले, कारण डायपरपेक्षा बेडपॅन रुग्णाला बरा वाटत असणार, असे आपण गृहीत धरतो. काकूंचे म्हणणे वेगळे होते: डायपरमध्ये जे होते ते निदान झाकलेले असते, बेडपॅन मात्र सगळ्यांच्या देखत मागावा लागतो.

त्यांच्या परवानगीने मी कॅथलॅबच्या इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. "नळी टाकून देऊ, सगळ्यांचाच त्रास वाचेल," ही त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, आणि ती मला पटली नाही. नळीमुळे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि ती जितके दिवस राहील तितका धोका वाढत जातो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, लघवी आवरत नाही केवळ एवढ्या कारणासाठी नळी ठेवणे टाळावे, असे म्हटले आहे. सिस्टरांनी हे मान्य केले. पण पँटसारख्या डायपरला त्यांनी नकार दिला आणि त्यामागचे कारण सांगितले. अँजिओग्राफी मनगटातून करायची असली तरी तिथून जमले नाही तर जांघेतून जावे लागते, म्हणून जांघ आधीच स्वच्छ करून निर्जंतुक कापडाने झाकलेली असते. त्याऐवजी चिकटपट्टीचा डायपर लावून तो टेबलावर उघडून अंगाखालीच पसरवता येईल, त्याखाली अंडरपॅड (ओल शोषणारी चादरीसारखी घडी) राहील आणि जांघेची सफाई सिस्टर स्वतः करतील, असे ठरले. काकूंना हे फारसे आवडले नाही, तरी कारण कळल्यामुळे त्यांनी ते स्वीकारले. जांघेतून करावे लागले तर नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागेल आणि तेव्हाही बेडपॅनऐवजी डायपरच राहील, हेही आम्ही फाइलमध्ये लिहून घेतले.

मुलाने बाहेर विचारले, "आई नक्की काय म्हणाली?" मी सांगितले की त्यांच्या काही शंका होत्या, त्या मिटल्या आहेत, आणि आणखी काही सांगावेसे वाटले तर त्या स्वतः सांगतील. त्याला राग आला असावा. तरीही आईच्या सोयीसाठी म्हणून आईचे गुपित मुलाला सांगणे मला मान्य नाही. रुग्णाचे पैसे कोण भरतो यावर त्याची खासगी बाब कोणाच्या मालकीची हे ठरत नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, आणि गोपनीयता व खासगीपणा हे त्यातलेच हक्क आहेत. फलक भिंतीवर असतो, पण तो वाचताना मी क्वचितच कोणाला पाहिले आहे.

अँजिओग्राफी मनगटातूनच झाली. टेबलावर थोडी लघवी झालीच. सिस्टरांनी चादरीखालून अंडरपॅड बदलला आणि डॉक्टरांचे काम चालू राहिले. मी नंतर काकूंना मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण ही तक्रार वयाबरोबर मुकाट्याने सोसायचीच असते असे नाही: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान तीन महिने नियमित केले, दोन वेळा लघवीला जाण्यातला वेळ हळूहळू वाढवला आणि गरजेनुसार औषध घेतले, तर अनेकांचा त्रास कमी होतो.

ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांनी हे सारे भरतीच्या गडबडीत न बोलता, तपासणीपूर्व भेटीतच भूलतज्ज्ञांना किंवा सिस्टरांना सांगावे आणि फाइलमध्ये लिहून घ्यायला लावावे. लघवी कमी व्हावी म्हणून आदल्या दिवशी पाणी तोडू नये, कारण लघवी दाट झाली की मूत्राशय अधिकच चाळवते. उपाशी राहण्याच्या वेळा रुग्णालय सांगेल तेवढ्याच पाळाव्यात, आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती त्या सकाळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारावे. एखाद्या मागणीला नकार मिळाला तर कारण विचारावे, कारण खरी अडचण असेल तर त्यातूनही बहुधा दुसरी वाट निघते. आपल्या मापाचे, चिकटपट्टीचे डायपर पिशवीत दोन-तीन जास्तीचे ठेवावेत, कारण रुग्णालयात ऐनवेळी मिळणारे माप आपल्याला बसेलच असे नाही.