जुनी ऑटोमॅटिक चढाला ओढत नाही? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी आरपीएमचा काटा बघा

गिअरबॉक्स एवढ्यात उतरवू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की 2008 ची चार गिअरची ऑटोमॅटिक आहे, सव्वा लाख किलोमीटर झालेत, गावात बरी चालते पण वाघबीळच्या चढाला पाय पूर्ण दाबला तरी चाळीसच्या वर जात नाही, आणि गॅरेजवाल्यानं चालवून न बघताच गिअरबॉक्स गेला म्हणून 70 हजार सांगितले. पण चढाला आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवणारा) काय करत होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं निदान तिथनंच सुरू होतंय.

परत त्याच चढाला जावा, शेजारी कुणाला तरी बसवा आणि काटा त्यांना बघायला सांगा. इंजिन ओरडतंय, काटा सरसर वर जातोय आणि गाडी आहे तिथंच, तर गिअरबॉक्स स्लिप होतोय, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, गॅरेजवाला बरोबर असू शकतो. पण काटाच दोन-अडीच हजारावर अडकून बसला असेल तर लिव्हर एल मध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या गिअरला टाकून तीसच्या स्पीडच्या आत बघा. एल मध्ये गाडी झकास ओढली तर गिअरबॉक्स लिंप मोडमध्ये (बिघाड दिसला की स्वतःला वाचवायला एकाच गिअरवर थांबणं) जाऊन तिसऱ्या गिअरलाच अडकला असायची शक्यता आहे, हे पुष्कळदा एखाद्या स्पीड सेन्सरचं, सोलेनॉइडचं (गिअर बदलणारा विजेचा व्हॉल्व्ह) नाहीतर वायरिंगचं काम असतंय आणि स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड बहुतेक सापडतो. एल मध्ये पण काटा चढत नसेल तर मात्र बहुतेक इंजिनच गुदमरलंय, गिअरबॉक्सचा बिचाऱ्याचा दोष नसायचीच शक्यता जास्त.

माझ्या गाडीचं हेच झालेलं. पाहुणे घेऊन पन्हाळ्याला निघालेलो, ऊसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला गेलो आणि गाडीनं मान टाकली, मागं येऊन लाईनीत घुसताना हातपाय गार पडले. त्यानंतर दोन ठिकाणी दाखवली, एकानं गिअरबॉक्सचं तेल बदललं, दुसऱ्यानं एअर फिल्टर बदलून थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक शून्य. शेवटी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींनी व्हॅक्यूम गेज लावला, साधा घड्याळासारखा डबा, इंजिनात हवा जाते त्या इनटेकच्या नळीला जोडायचा, इंजिन हवा किती जोरात ओढतंय ते पाऱ्याच्या इंचात दाखवतो. आयडलला, म्हणजे रेस न देता, काटा 17 इंचावर स्थिर. (पुस्तकात 17 ते 21 लिहिलेलं असतं पण ते समुद्रसपाटीचं, कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे म्हणजे आपल्याकडं दोनेक इंच कमीच धरायचं, हे त्यांनीच सांगितलं.) मग रेस 2500 वर धरून ठेवली. चांगल्या इंजिनाचा काटा एकदा पडून परत वर येऊन थांबतो, माझा हळूहळू खालीच सरकत गेला, 15, 12, 9. मेस्त्री म्हणाले, धूर बाहेर जाईना झालाय, आत हवा येणार कुठनं?

खात्री करायला त्यांनी सायलेन्सर गार झाल्यावर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढला आणि त्या भोकातनं धूर मोकळा सोडून सायबर चौकापर्यंत एक चक्कर मारली. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण गाडी पहिल्यासारखी सुटली! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा) काढून बघितला तर आतली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी वितळून गोळा झालेली.

आता ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. कन्व्हर्टर आपोआप वितळत नाही. माझी एक इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारी) कित्येक महिने अधूनमधून मिसिंग करत होती, म्हणजे ठिणगीच पडत नव्हती, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटायचं आणि जाळी तापून वितळली. आधी कॉइल बदलली, मगच कन्व्हर्टर, नाहीतर नवा पण तसाच गेला असता. जाळी फोडून मोकळा पाईप ठेवा म्हणणारे भेटतील, ते करू नका, पीयूसीला अडकाल आणि मागनं येणाऱ्या पोराबाळांना तो धूर खायला लागतो.

व्हॅक्यूम चांगला आला तर पेट्रोलकडं बघा. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर मिळतो तो लावून आयडलला आणि चढाला पाय पूर्ण न दाबता फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघायचा, पाच-सात टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, प्लस पंधरा-वीस दाखवत असेल तर पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठनं तरी जादा हवा शिरतेय, म्हणजे फ्युएल फिल्टर, पंप, फाटलेली व्हॅक्यूमची नळी. ब्रेक जाम होऊन चाक तापतंय का ते पण फेरी मारून आल्यावर हात जवळ नेऊन बघा, एवढ्या सोप्या गोष्टीला लोक विसरतात.

आणि काटा चढतोय, स्लिपच आहे असं निघालं तरी आधी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बघायचं. डिपस्टिक असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशी, गाडी गरम करून तपासा आणि पांढऱ्या कापडावर एक थेंब घ्या. तेल लाल असून नुसती लेव्हल कमी असली तर गळती शोधून तेल भरून बघायचं. काळं, जळका वास आणि बोटाला चरचरीत लागलं तर क्लच प्लेटा जळल्यात, तिथं तेल बदलून उपयोग नाही, मग 70 हजाराची गोष्ट करायला बसा. एटीएफ मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं टाका, कुठलंही चालतंय म्हणणाऱ्याकडं गाडी देऊ नका.

ब्रेक दाबून धरून डी मध्ये फुल रेस द्यायची स्टॉल टेस्ट घरी करत बसू नका, पाच सेकंदाच्या वर गेली तर आहे तो गिअरबॉक्स पण तापून जाईल, आणि गाडी सुटली तर समोर कोण असेल सांगता येत नाही.

ह्या रविवारी सकाळी लवकर जावा, रस्ता मोकळा असतोय. काटा कितीवर थांबला आणि एल मध्ये काय झालं एवढं लिहा, पुढचं मी सांगतो.