स्पर्धेला जरूर जा, पण सोशल सोडू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

बंगळूरला लिंडी हॉपच्या, म्हणजे स्विंग संगीतावरच्या आपल्या जोडीच्या नाचाच्या, स्पर्धेत नाव द्यायचं तू ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पहिल्या वेळेस जॅक अँड जिल निवडलीस, तेही योग्य केलंस. पण पुढे लिहिलं आहेस की तयारीसाठी आता तीन महिने अंधेरीचे सोशल (कोणीही कोणाबरोबरही नाचायच्या त्या संध्याकाळी) बंद, ठाण्याचा रविवारचा सराव बंद, आणि घरी व्हिडिओ लावून आरशासमोर नव्या मूव्ह्ज बसवायच्या. ही तयारी मला पटत नाही. का पटत नाही ते नीट सांगते, कारण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ म्हणून विषय संपवतोस.

जॅक अँड जिल चालते कशी ते आधी बघ. नाव एकट्यानं द्यायचं. जोडीदार कोण, गाणं कोणतं, हे फ्लोअरवर उभं राहीपर्यंत कळत नाही. पहिल्या फेरीत लीड, म्हणजे नाच पुढे नेणारे, एका रांगेत आणि फॉलो, म्हणजे त्यांच्या इशाऱ्यावर नाचणारे, दुसऱ्या रांगेत उभे करतात. एक-दीड मिनिट गाणं वाजतं, मग रांग सरकते, समोर नवीन माणूस, कानावर नवीन गाणं. असं साधारण दोन-तीनदा होतं. या फेरीत लीड आणि फॉलो यांचं परीक्षण वेगवेगळं होतं. जे पुढे जातात त्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावतात, आणि फायनलला मात्र दोघांना मिळून एकच क्रमांक मिळतो.

आता तूच सांग, आरशासमोर पाठ केलेली मूव्ह तिथे कुठे बसवणार? समोरच्या मुलीनं ती कधी पाहिलेलीच नसेल. तिचा हात हातात आला की पहिल्या आठ मात्रांत तुला कळायला हवं की ती किती ताण घेते, तिचा ट्रिपल स्टेप (दोन ठोक्यांत तीन पावलं) किती मोठा पडतो, गाण्याचा वेग तिला झेपतोय की नाही. हे ओळखायची सवय फक्त अनोळखी माणसांबरोबर नाचून लागते, आणि ते आपल्याला सोशलमध्येच मिळतं. जजही तेच बघतात. ताल सुटत नाही ना, स्विंगआउट (जोडीदाराला जवळ घेऊन फिरवून पुन्हा लांब सोडायची लिंडीची मूळ मूव्ह) स्वच्छ आहे ना, जोडीदाराला वाव मिळतोय ना. अवघड मूव्ह ओढूनताणून काढणारा लीड आणि त्याच्यामागे फरफटणारी फॉलो, हे दृश्य फ्लोअरच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येतं.

लिंडी हॉपची स्पर्धा सोशलच्या पोटातच जन्मली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम उघडला. अमेरिकेत वर्णभेद उघड पाळला जात असताना या हॉलमध्ये काळे आणि गोरे एकाच फ्लोअरवर नाचत होते. एका कोपऱ्यात कसलेल्या नर्तकांचा अड्डा असे, आणि तिथे उभं राहायचा मान नाचूनच मिळवावा लागे. पुढे नावाजलेली नर्तकी नॉर्मा मिलर लहान असताना सॅव्हॉयच्या जवळच राहायची. खिडक्यांतून बाहेर येणाऱ्या संगीतावर ती रस्त्यातच नाचायची. सॅव्हॉयचाच नर्तक फ्रँकी मॅनिंग यानं फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटी घेऊन पहिली एरियल, म्हणजे जोडीदाराला हवेत उचलायची मूव्ह, केली ती १९३५ साली, सॅव्हॉयमधल्याच एका चुरशीत. त्याच वर्षी शहरात हार्वेस्ट मून बॉल ही मोठी स्पर्धा सुरू झाली आणि लिंडीच्या विभागात सॅव्हॉयची मंडळी गाजली. हे लोक स्पर्धेसाठी वेगळे कुठे तयार होत नव्हते. रात्रीमागून रात्र एकाच हॉलमध्ये, चिक वेबसारख्याच्या बँडसमोर, कोणाबरोबरही नाचत होते. स्पर्धा आली की तेच घेऊन उतरायचे.

पुढचं तर मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर संगीत बदललं, मोठे बँड मोडले, १९५८ मध्ये सॅव्हॉयही बंद झाला. फ्रँकी मॅनिंग टपाल खात्यात नोकरीला लागला आणि अनेक वर्षं तिथेच राहिला. १९८० च्या दशकात अमेरिकेतले, स्वीडनमधले तरुण त्याला शोधत आले, तेव्हा त्यानं पुन्हा शिकवायला घेतलं, ते २००९ मध्ये जाईपर्यंत. स्वीडनमधलं हेरँग हे खेडं आज जगभरच्या लिंडीवाल्यांना ठाऊक आहे ते १९८२ पासून तिथे भरणाऱ्या शिबिरामुळे. फ्रँकीचा वाढदिवस २६ मे, तो आपण जागतिक लिंडी हॉप दिवस म्हणून पाळतो. या वर्षी तुझ्या ऑफिसच्या मित्रांना नाच दाखवशील तेव्हा ही नावं सांग. हा नाच काळ्या अमेरिकन लोकांनी, त्यांच्या अत्यंत कठीण काळात घडवला. तो आपण मोकळ्या मनानं नाचावा, पण कोणाचा आहे हे सांगूनच.

आता संगीत. तुझा खरा कच्चा दुवा हाच आहे, आणि तुझ्या यादीत त्याचं नावही नाही. तुझी पावलं बरोबर पडतात, पण गाणं कुठे वळतंय याकडे तुझं लक्ष नसतं. स्विंगमध्ये प्रत्येक ठोक्याचे दोन भाग पडतात, त्यांतला पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. तबलजी केरव्याला झोल देतात, साधारण तशी ती जागा आहे. तुझ्या कानाला ती परकी नाही. मुंबईला हे संगीत जुनं आहे. १९३० च्या दशकात ताज हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे काळे अमेरिकन वादक येऊन वाजवत होते. त्यांचं ऐकून आणि त्यांच्या बरोबरीनं वाजवून गोव्याचे वादक तयार झाले, त्यांतला चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होता. अण्णांची जुनी नाचरी गाणी आईनं लावली की तुझे पाय आपोआप ट्रिपल स्टेप घेतात ना, त्याचं कारण हे आहे. आई ‘हा कसला परदेशी नाच’ म्हणते असं तू लिहिलंस. तिला एकदा हे सांगून बघ, आणि तिच्याच आवडीच्या गाण्यावर चार स्विंगआउट दाखव.

ऐरोली ते ठाणे, ठाणे ते घाटकोपर, पुढे मेट्रो, एवढा प्रवास तू करतोस. त्या वेळात रोज काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, चिक वेब ऐक. मूव्हचा विचार न करता फक्त आठ-आठ मोज. बहुतेक गाणी बत्तीस बारांची (एक बार म्हणजे चार ठोके) असतात, आठ बारांचे चार भाग, तिसरा भाग वेगळा लागतो. ब्लूज असेल तर बारा बार. काही आठवड्यांत वळण यायच्या आधीच कळायला लागेल. मग बँड थांबतो तिथे तूही थांबशील, आणि अनोळखी जोडीदारही तुझ्याबरोबर थांबेल, कारण तीही तेच गाणं ऐकत असते. वेगाची मात्र वेगळी तयारी कर. सोशलमध्ये गाणी मिनिटाला १२० ते १८० ठोक्यांच्या आसपास असतात, स्पर्धेत २०० च्या वरही जातात. वेगात पावलं लहान घ्यायची आणि खांदे सैल सोडायचे. एवढं एकच आरशासमोर कर.

रविवारच्या सरावाबद्दल तू लिहिलंस, ‘तिथे सगळे नवीनच असतात, माझी प्रगती होत नाही.’ हे वाचून मला वाईट वाटलं, आणि तू चुकतोयस असंही वाटलं. कसलेली फॉलो तुझं अर्धवट लीडही सांभाळून घेते, त्यामुळे आपलं छान चाललंय असं तुला वाटतं. पहिल्याच दिवशी आलेली मुलगी सांभाळून घेऊ शकत नाही. तिला रॉक स्टेप (एक पाऊल मागे टाकून परत पुढे येणं) कळला नाही, तर तुझ्या हातानं तो सांगितलाच नाही असं समज. तुझं लीडिंग तपासून देणारं दुसरं कोणी ठाण्यात नाही. शिवाय त्या हॉलमध्ये आज वीस माणसं येतात ती कोणीतरी आधी नवख्यांबरोबर कंटाळा न करता नाचलं म्हणून. चांगले नाचणारे आपापसांतच नाचायला लागले की नवे दोन-तीनदा येऊन थांबतात, आणि वर्षभरात हॉलचं भाडंही निघत नाही. शहरातले छोटे गट असेच बंद पडतात, मी पाहिलं आहे.

आणि या तीन महिन्यांत फॉलो करायला शीक. हे मी आग्रहानं सांगते. लाजू नकोस, लिंडीत पुरुष फॉलो करतात, बाया लीड करतात, यात आता कुठेच कोणाला नवल वाटत नाही. दुसऱ्याच्या हातात हात देऊन फिरलास की तुझी पकड कुठे घट्ट होते, कुठे उशीर होतो, हे स्वतःच्या खांद्यात कळेल. पैसे देऊन खासगी शिकवणी लावू का, असं विचारलंस. लावायचीच असेल तर फॉलो शिकायला लाव.

एरियल्सचा विषय थोडक्यात संपवते. सोशल फ्लोअरवर कधीही नाही. जॅक अँड जिलमध्येही नाही. ठरलेल्या जोडीदाराबरोबर, गाद्या घालून, जाणकाराच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने सराव केलेला असेल तरच, आणि तेही जिथे नियम परवानगी देतात तिथे.

तसंच, कोणी नाचायला नकार दिला तर हसून ‘ठीक आहे’ म्हण आणि दुसरीकडे वळ. कारण विचारायचं नाही. नाचताना शिकवायला जायचं नाही, ती शिकायला आलेली नसते, नाचायला आलेली असते. रविवारी एखादी नवीन मुलगी अवघडलेली दिसली तर मला किंवा हॉलवर असेल त्या ताईला सांग. आपल्याकडे मुली अनोळखी मुलांच्या हातात हात देऊन नाचायला येतात, त्यामागे घरच्यांची कितीतरी समजूत काढलेली असते. तो विश्वास टिकवणं तुझ्यासारख्या जुन्या मुलांच्या हातात आहे.

बुटांचं विचारलंस. रबरी तळ फरशीवर चिकटतो, पाऊल फिरत नाही आणि गुडघा मुरगळतो. चामड्याचा किंवा गुळगुळीत तळ हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काँक्रीटवर तासन्‌तास उड्या मारू नकोस, तुझं गुडघ्याचं दुखणं तिथूनच आलं असेल. बंगळूरला लाकडी फ्लोअर मिळाला तर आदल्या दिवशी त्यावर थोडं नाचून घे, पाय जास्त सरकेल.

निकालाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू दे. फायनलला गुणांची सरासरी काढत नाहीत. प्रत्येक जज जोड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देतो आणि बहुमत बघतात. पाच जज असतील तर तिघांनी पहिलं ठरवलेली जोडी पहिली. एखाद्याला तू अजिबात आवडला नाहीस तरी बिघडत नाही, आणि एकाला फार आवडलास तरी तेवढ्यानं जमत नाही. गुणपत्रक लावलं तर नीट वाच, पण जजला गाठून वाद घालू नकोस. पहिल्याच फेरीत बाहेर पडलास तर रात्रीच्या सोशलला खोलीवर झोपून राहू नकोस. फायनलचे नर्तक तिथेच नाचत असतात आणि विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. तुला जे शिकायचंय ते त्या तीन-चार तासांत मिळेल.

तेव्हा येत्या रविवारी ये. कळव्याहून दोन नवीन मुली आणि तुझ्याच कंपनीतला एक मुलगा येणार आहे. पहिला अर्धा तास तू त्या मुलाबरोबर फॉलो कर, नंतर तिघांनाही शिम शॅम, म्हणजे जोडीदाराशिवाय रांगेत करायचा ठरलेला नाच, शिकव. रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून सातला सुरू करू. चावी वॉचमनकडे असेल.

तुझी,
ताई