मुलांच्या दातांना तारा लावताना

पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास करून घ्या. तारा मात्र बहुतेकांना दुधाचे दात पडून गेल्यावर, 11 ते 14 च्या दरम्यान लागतात. उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतो, दर 4 ते 6 आठवड्यांनी दाखवायला जावं लागतं.

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी द्या. गालाला टोचणारं ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) कापसाने कोरडं करा आणि त्यावर दातांच्या तारांसाठी मिळणाऱ्या मेणाची मटाराएवढी गोळी दाबून बसवा. ओल्यावर मेण टिकत नाही.

चिक्की, ऊस, अख्खा पेरू, दातांनी ओरबाडलेलं कणीस यांनी ब्रॅकेट निखळतं. पेरूच्या पातळ फोडी करा, कणसाचे दाणे सोलून द्या. निखळलेलं तसंच ठेवलं तर उपचार लांबतो, लगेच फोन करा.

ब्रॅकेटभोवती अन्न साचलं की पांढरे डाग पडतात आणि तारा काढल्यावरही ते राहतात, म्हणून तारेखालून छोटा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत जाणारा) रोज फिरवायलाच हवा.

खरी हेळसांड होते ती रिटेनरची, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायच्या, काढता-घालता येणाऱ्या साच्याची. तो घातला नाही की दात परत सरकतात. गरम पाण्याने धुऊ नका, वाकडा होतो. जेवताना रुमालात गुंडाळला तर हमखास कचऱ्यात जातो. दप्तरात त्याची डबी ठेवाच.