बीजगणित सातवीत की आठवीत?

मे महिना जवळ आला की न्यू जर्सीतल्या मराठी पालकांचे सल्ल्यासाठी मला येणारे फोन एकाच विषयावर येऊन थांबतात. पुढच्या वर्षीच्या गणिताच्या वर्गाबद्दल शाळेचे पत्र आलेले असते, मूल पाचवी-सहावीत असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "आत्ता ॲक्सिलरेटेड (पुढच्या इयत्तांचं गणित लवकर शिकवणाऱ्या) वर्गात घातलं नाही, तर ते कायमचं मागे पडेल का?" हा प्रश्न इतक्या घरांतून ऐकला आहे, की एका कुटुंबाच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सहावीत होती. वर्गात तिला कायम उत्तम गुण मिळत, परंतु सातवीतच 'अल्जिब्रा वन' घेण्यासाठी असलेली शाळेची पात्रता चाचणी थोडक्यात हुकली होती. अशा वेळी अनेक शाळा पालकांना एक फॉर्म देतात. त्यावर सही करून जबाबदारी घेतली, की शाळेच्या शिफारशीविरुद्धही मुलाला त्या वर्गात बसवता येते. तो फॉर्म घेऊनच दोघे माझ्याकडे आले. वडिलांना सही करायची होती आणि आईचा हात अडत होता.

"ताई, आम्ही तिकडे सहावी-सातवीत समीकरणं सोडवतच होतो ना? मग इथे त्याचं एवढं अवडंबर कशाला?" वडिलांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. मात्र आपल्याकडे बीजगणित दरवर्षी थोडे थोडे येते, तर अमेरिकेतील बहुतेक शाळांत अल्जिब्रा वन हा पूर्ण वर्षाचा स्वतंत्र विषय असतो आणि त्यात एकरेषीय समीकरणांपासून वर्गसमीकरणांपर्यंतचा सगळा पल्ला गाठायचा असतो. त्याआधी सातवीत गुणोत्तर-प्रमाण आणि ऋण संख्यांवरील क्रिया, तर आठवीत रेषेचा चढ आणि फलाची (फंक्शनची) ओळख, अशी दोन वर्षांची पायाभरणी अभ्यासक्रमात धरलेली असते. सहावीतून थेट अल्जिब्रा वनमध्ये जाणाऱ्या मुलाने ती दोन वर्षे कुठेतरी भरून काढलेली असावी लागतात. ती शाळेने आटोपशीर करून शिकवली आहेत, की सरळ गाळली आहेत, हे पालकांनी शाळेला विचारलेच पाहिजे. आणि नेमका हाच प्रश्न विचारलेले पालक मला फार थोडे भेटले आहेत.

मी वडिलांना कागदावर इयत्ता मांडायला सांगितले. त्यांनी बारावीत 'कॅल्क्युलस' (कलनशास्त्र) लिहिले आणि तिथून ते मागे मोजत आले: अकरावीत त्याची पूर्वतयारी असलेले प्रीकॅल्क्युलस, दहावीत अल्जिब्रा टू, नववीत भूमिती, आठवीत अल्जिब्रा वन. पेन आठवीवर थांबले.

"म्हणजे आठवीत घेतलं तरी बारावीत कॅल्क्युलस होतं?"

"होतं. सातवीत घेतलं तर ते अकरावीत येतं. मग बारावीत तिच्यासाठी तुमच्या हायस्कुलात कोणता विषय उरतो, ते पाहिलंत का?"

त्यांनी पाहिले नव्हते. नववीत किंवा दहावीत भूमिती आणि अल्जिब्रा टू एकत्र घेण्याची, अथवा उन्हाळ्यात भूमिती पूर्ण करण्याची सोय कितीतरी शाळांत असते, हेही त्यांना ठाऊक नव्हते. आईबाप शेवटच्या इयत्तेपासून मागे मोजतात, हे मला या कामात वारंवार दिसले आहे. मूल मात्र आज जिथे उभे आहे, तिथूनच पुढे चालणार असते, म्हणून ते नेमके कुठे उभे आहे हे पाहण्यासाठी पुढची भेट मी फक्त मुलीबरोबर ठरवली. आई शेजारी बसली, पण काही बोलायचे नाही या अटीवर.

मी मुलीला विचारले, "अडीच भागिले पाव किती?"

"टेन," ती ताबडतोब म्हणाली. "फ्लिप करून मल्टिप्लाय करायचं, मावशी."

"बरोबर. आता याच्यावर एक गोष्ट तयार कर, जिचं उत्तर दहा येईल."

"अडीच पोळ्या आहेत आणि त्या चार जणांना वाटायच्या..." एवढे म्हणून ती थांबली. चौघांत वाटल्या तर प्रत्येकाला पाऊणसुद्धा मिळत नाही, हे तिच्या लक्षात आले होते. तिने आईकडे पाहिले. आईने कबूल केल्याप्रमाणे मान खाली घातली. मुलीने कागदावर दोन गोल आणि एक अर्धा गोल काढला, खोडला, पुन्हा काढला. मध्येच "हे चाचणीत विचारत नाहीत" असे पुटपुटली. मी काही सुचवले नाही. फक्त "पाव म्हणजे कितवा भाग, तो या चित्रात दाखव" एवढेच म्हटले. तिने प्रत्येक गोलाचे चार भाग केले, अर्ध्याचे दोन केले, बोटाने मोजले आणि एकदम मोठ्याने म्हणाली, "अगं आई, पाव-पाव पोळीचे दहा तुकडे! म्हणून उत्तर मोठं येतं!"

एवढ्याशा प्रसंगात मला जे हवे होते ते सगळे मिळाले. नियम तिला पाठ होता, पण तो तिचा झालेला नव्हता. तरी अडल्यावर ती उठून गेली नाही, रडली नाही, चिडलीही नाही. मूल एकट्याने काय करते यापेक्षा थोड्याशा आधाराने कुठवर पोहोचते ते पाहावे, असे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी मांडले होते आणि माझ्या कामाचा कल पहिल्यापासून त्याच बाजूला राहिला आहे. गुणपत्रिका तिने काय सोडवले ते सांगते. अडल्यावर ती काय करते हे कळायला समोर बसून, गप्प राहून पाहावे लागते, आणि गप्प राहणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

"आता तुला स्वतःला काय वाटतं? सातवीत अल्जिब्रा हवंय?" मी विचारले.

"हवंय," ती म्हणाली आणि थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "पण मॅथसाठी नाही. त्या सेक्शनचा लंच वेगळा असतो. माझ्या सगळ्या मैत्रिणी तिकडे जाणारेत."

आईला हसू आवरेना. घरात महिनाभर चाललेल्या वादात हा मुद्दा कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता. मी मात्र तो हसण्यावारी नेला नाही, कारण बाराव्या वर्षी मैत्रिणींची सोबत हा खरोखरच मोठा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर गणिताच्या वर्गात शोधण्याची गरज नसते. ऑर्केस्ट्राच्या तासाला त्या सगळ्या एकत्र येतील अशी व्यवस्था शाळेच्या समुपदेशकाशी बोलून करता आली. सहीचा फॉर्म कोराच राहिला आणि सातवी-आठवीचे गणित एका वर्षात शिकवणाऱ्या वर्गात ती गेली. त्या वाटेने अल्जिब्रा वन आठवीत येते.

यावरून सर्वांनी थांबावे असा अर्थ कोणी काढू नये. त्याच वर्षी माझ्याकडे आलेला एक मुलगा वर्गातला पाठ संपण्यापूर्वीच स्वतः कोडी रचत बसे, "ऋण गुणिले ऋण धन का?" असे शिक्षकांना छळे आणि पुन्हा पुन्हा तेच करावे लागल्यामुळे गृहपाठात निष्काळजी झाला होता. त्याला पुढे जाऊ द्या असे मी ठामपणे सांगितले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासातून हेच दिसत आले आहे, की खरोखर तयार असलेल्या मुलांचे वेग वाढवल्याने नुकसान होत नाही. उलट उत्तर कॅरोलायनातील शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्याने या शतकाच्या सुरुवातीला खूप अधिक मुलांना आठवीतच बीजगणितात ढकलले, तेव्हा अशा मुलांचे बीजगणिताच्या परीक्षेतील गुण घसरले, असे ड्यूक विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांना आढळले. सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये नेमके उलटे करून सर्वांसाठीच बीजगणित नववीत नेले. मार्च 2024 मध्ये मतदारांनी ते आठवीत परत आणावे असा कौल दिला. सगळ्यांना एकाच वेळी पळवणे किंवा एकाच वेळी थांबवणे, दोन्ही मला सारखेच आळशी निर्णय वाटतात.

म्हणून पालकांना मी सांगते, की पात्रता चाचणीसाठी शिकवणी लावू नका. तयारी करवून मिळवलेला गुण शिकवणीची माहिती देतो, मुलाची देत नाही. अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्या यांवरचे एखादे उदाहरण मुलाला गोष्टीच्या रूपात सांगायला लावा आणि तुम्ही बोलू नका. आठवीपूर्वीच्या अल्जिब्राचा ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (एकत्रित गुणपत्रकावर) चढतो का, हेही शाळेला विचारा, कारण हा नियम ठिकठिकाणी वेगळा आहे.

आणि सही आधीच झाली असेल, मूल त्या वर्गात बसलेले असेल आणि रोज रात्री गृहपाठ बाबाच सोडवत असतील, तर पहिली तिमाही संपण्याची वाट न पाहता शिक्षकांना ईमेल करून वर्ग बदलण्याची शेवटची तारीख विचारून घ्या. मुलाला हा बदल सांगताना "तुला जमलं नाही" असे न म्हणता "आम्ही घाई केली" असे म्हणा, आणि तेही दोघांनी एकत्र बसून.