बडोद्यात राहून जर्मन कंपनीचं काम कॉन्ट्रॅक्टर म्हणून घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बडोद्यात पक्की नोकरी आहे, जर्मन कंपनीची ऑफर आली आहे, काम घरूनच, पैसे युरोत, पण 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर' म्हणून. टॅक्स तिथे भरायचा की इथे ते कळत नाही, पीएफ नाही म्हणून आई नको म्हणतेय, आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय.

मीही बडोद्याचीच. सहा वर्षं जर्मनीतल्याच एका कंपनीचं काम करतेय, आधी कॉन्ट्रॅक्टर होते, गेली दीड वर्षं रीतसर नोकरीत आहे. माझं ठाम मत सांगते: युरोचा आकडा घटकाभर बाजूला ठेवा आणि कागदावर तुम्ही कोण असणार ते आधी बघा. टॅक्स, रजा, कर्ज, आईची काळजी, सगळं त्यावर ठरतं.

मला हे पहिल्याच बिलाला कळलं. महिना संपला, मी बिल पाठवलं आणि तपशिलात लिहिलं, 'ऑक्टोबरचा पगार'. पैसे आले, पण खात्यात जमा होईनात. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला बँकेला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, द्यावा लागतो. सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२. माझा करार म्हणत होता सेवा, बिल म्हणत होतं पगार, त्यामुळे बँक मला कागद मागत राहिली. नऊ दिवस गेले. शेवटी रावपुऱ्यात आमच्या सीएंकडे गेले. त्यांनी बिल हातात घेतलं, 'पगार' या शब्दाभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाले, "बेन, आमां पगार न लखाय. तमे तो हवे दुकान छो." म्हणजे, यात पगार लिहायचा नसतो, तुम्ही तर आता दुकान आहात.

तेव्हापासून मी सगळं त्या एका शब्दावरून समजून घेत आले. कॉन्ट्रॅक्टर म्हणजे दुकान. दुकानाला पीएफ नसतो, ग्रॅच्युइटी नसते, भरपगारी रजा नसते. हिशोब आपला, टॅक्स आपला, आजारपणही आपलं.

आता टॅक्स. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात की तुम्ही इथले रहिवासी, आणि रहिवाशाच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो. पैसे परदेशातल्या खात्यात ठेवले तर कर नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते चूक आहे आणि महागात पडतं. मी काम इथे बसून करते, म्हणून माझ्या बिलातून जर्मनीत काही कापलं जात नव्हतं. पण इथेही टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापणारं कुणी नाही, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स, वर्ष संपायच्या आत भरायचा कर, आपणच भरायचा. तुमचं काम ठरावीक व्यवसायांच्या यादीत बसत असेल तर आयकर कायद्यातलं ४४ एडीए हे कलम बघा. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण हे नाव घेतलं की कुठल्याही सीएला कळतं. वर्षाची जमा ७५ लाखांपर्यंत आणि त्यात रोख ५ टक्क्यांच्या आत असेल, तर निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो आणि ॲडव्हान्स टॅक्सही १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात चालतो. कॉन्ट्रॅक्टर असण्याचा खरा फायदा हाच, आणि तो लहान नाही.

वर्षाची बिलं २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. घाबरू नका, परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा ही निर्यात, तिच्यावर दर शून्य. फक्त दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरायचं. आणि प्रत्येक रकमेची परदेशी जमेची पावती बँकेकडून मागून घ्या. मी पहिल्या वर्षी घेतली नव्हती, मग बारा महिन्यांच्या पावत्यांसाठी बँकेत खेटे घातले.

पैशाचा हिशोब मात्र नीट करा. मी वर्षाला ११ महिन्यांचीच बिलं धरायचे, एक महिना सणवार आणि आजारपणाचा. त्यातून कंपनीने भरला असता तो १२ टक्के पीएफ, घरच्यांचा आरोग्य विमा, सीएंची फी वजा करायची. शिवाय बँक युरो कुठल्या दराने बदलून देते ते पहिल्याच पावतीवर तपासा. एवढं करून जे उरेल ते आजच्या पगाराशी ताडून बघा.

रजेचं सांगितलं ते उगाच नाही. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला तो तुम्हीही अनुभवला असेल. आमच्या सोसायटीत कमरेएवढं पाणी. तीन दिवस वीज नाही, नेट नाही. मी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज करून टीमला दोन ओळी कळवल्या. माणसं चांगली, सगळ्यांनी विचारपूस केली. पण माझा करार तासांवर होता, त्या आठवड्याचं बिल निम्मं झालं. त्यात कुणाची चूक नव्हती, करारातच तसं होतं. खाली चिखल उपसताना मी ठरवलं की आता कागद बदलायचा.

त्याच वर्षी घरासाठी कर्ज काढायला गेलो. बँकेने तीन वर्षांची रिटर्नं, करार, जमेच्या पावत्या, सगळं मागितलं. नवरा नोकरीत, त्याचं फॉर्म १६ वर, म्हणजे पगारातून कापलेल्या कराच्या दाखल्यावर, पटकन झालं.

कंपनीशी बोलले. त्यांची भारतात शाखा नाही, त्यामुळे थेट नोकरीवर घेणं त्यांना अवघड. पण मधला मार्ग आहे: 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड'. म्हणजे भारतात नोंदलेली एक तिसरी कंपनी तुम्हाला नोकरीवर घेते, काम जर्मन टीमचंच. पीएफ, टीडीएस, कराचा दाखला, रजा सगळं येतं. त्या कंपनीची फी जर्मन कंपनी भरते. माझ्या हातात येणारी रक्कम थोडी कमी झाली. मला चाललं. तुम्ही एकटे कमावते असाल तर तुम्हालाही चालेल असं वाटतं.

वेळेचं सोपं आहे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. सकाळ अख्खी आपली. नवरात्रात त्यांचे पाच वाजतात तेव्हा इथे साडेआठ, म्हणजे गरब्याला वेळेवर पोचता. अमेरिकेचं काम करणारी माझी मैत्रीण तेव्हा कुठे मीटिंगला बसलेली असते.

आज त्यांना मेल करा. तीन गोष्टी विचारा: एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डमार्फत घेता येईल का, नाही तर तासांऐवजी महिन्याची ठरलेली रक्कम आणि वर्षाला २० दिवस भरपगारी सुट्टी करारात लिहाल का, आणि काम थांबवायचं झालं तर नोटीस किती दिवसांची. पहिल्याला हो म्हणाले तर घ्या. दुसऱ्याला हो म्हणाले आणि नोटीस निदान दोन महिन्यांची असेल, तरी घ्या, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून. दोन्हीला नाही आलं, तर मी तुमच्या जागी पक्की नोकरी सोडणार नाही. उत्तर आलं की करार आधी सीएंना दाखवा, सही नंतर. आणि जमलं तर आईंनाही सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.