चर्च, चर्चा आणि इगर्जी

प्रश्न असा आलाय की चर्च हा शब्द आपल्या 'चर्चा'वरून गेला असेल का, तिथेही लोक जमून बोलतातच की. नाही हो, उच्चार जुळला म्हणून लगेच सोयरीक जुळत नाही. जुन्या इंग्लिशमधे हा शब्द चिरिचे असा होता, स्कॉटलंडात अजून कर्क म्हणतात, डचमधे केर्क, आता ह्यात चर्चा कुठे बसवणार? मूळ ग्रीक कुरिआकॉन, म्हणजे 'प्रभूचं', घर हा शब्द अध्याहृत. कुरिऑस म्हणजे प्रभू, मालक. आणि संस्कृतशी नातं काढायचीच हौस असेल तर ते 'शूर'शी निघतं, दोन्ही एकाच धातूतले मानतात.

खरी गंमत पुढेच आहे. लॅटिनने चर्चसाठी हा शब्द घेतलाच नाही, त्यांनी उचलला ग्रीकमधलाच एक्लेसिया. हा मुळात धार्मिक शब्दच नव्हे, अथेन्समधे प्निक्स टेकडीवर नागरिकांची सभा भरायची, युद्ध करायचं की तह ते हात वर करून ठरवायचे, ती एक्लेसिया. (म्हणजे चर्चा झालीच तर इथे!) बायबलमधे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ बघा, इफिससचे चांदीचे कारागीर मूर्तिपूजेविरुद्ध बोलणाऱ्या पौल ह्या ख्रिस्ती प्रेषितामुळे धंदा बुडेल म्हणून भडकतात, सगळं गाव नाट्यगृहात घुसतं आणि दोन तास अर्तमी देवीच्या नावाने घोषणा, त्या जमावालाही एक्लेसियाच म्हटलंय, आणि बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच माहीत नव्हतं असंही तिथेच लिहिलंय. त्यामुळे एक्लेसियाचा 'जगातून बाहेर बोलावलेले लोक' असा जो अर्थ सांगतात तो व्युत्पत्तीला धरून असला तरी मला ताणलेलाच वाटतो.

ह्याच एक्लेसियाचं फ्रेंचमधे एग्लीझ झालं, पोर्तुगीजमधे इग्रेजा, तिथून गोव्यात इगर्ज आणि आपल्या मराठीत इगर्जी. म्हणजे चर्च आणि इगर्जी, वास्तू एकच पण घराणी वेगळी.

इंग्लिशमधे ह्यावरून भांडणंही झालीत. विल्यम टिंडलने बायबलच्या नव्या कराराच्या आपल्या १५२६ च्या इंग्लिश भाषांतरात एक्लेसियासाठी चर्च न वापरता काँग्रिगेशन, म्हणजे नुसता मेळावा, असं लिहिलं तेव्हा थॉमस मोर हा कट्टर कॅथलिक विद्वान त्याच्यावर तुटून पडला, कारण नुसता मेळावाच म्हटलं तर बिशप-पाद्र्यांचा अधिकार राहिला कुठे? पुढे १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या भाषांतरकारांना तर नियमच घालून दिला होता, चर्च हाच शब्द ठेवायचा, काँग्रिगेशन चालणार नाही.